आज्ञा ओळीवरून नवसंकलित प्रोग्राम चालवणे

'''आज्ञा ओळीवरून नवसंकलित प्रोग्राम चालवणे''' म्हणजे एखाद्या प्रोग्रामची मूळ संहिता संकलकाकडून, अर्थात कंपायलरकडून, यंत्रभाषेत उतरवून घेतल्यानंतर तयार झालेली फाइल टर्मिनलमध्ये तिचे नाव टंकून कार्यान्वित करणे होय. सी, सी++, फोरट्रान, पास्कल, गो, रस्ट इत्यादी भाषांतील प्रोग्राम अशा प्रकारे चालवले जातात. लिनक्स, मॅकओएस आणि युनिक्स कुळातील इतर संचालन प्रणालींवर चालू फोल्डरमधील प्रोग्राम चालवण्यासाठी त्याच्या नावापूर्वी टिंब आणि तिरपी रेघ (./) द्यावी लागते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसते नाव पुरते.

प्रोग्राम कंपाइल करणे आणि तो चालवणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली यशस्वी झाली म्हणजे दुसरी आपोआप घडत नाही. संहिता बिनचूक असूनही प्रोग्राम चालत नाही, तेव्हा अडचण बहुधा भाषेच्या व्याकरणात नसून फाइलचे ठिकाण, तिची परवानगी किंवा तिचे स्वरूप यांपैकी एखाद्या बाबीत असते. ही प्रक्रिया समजून घेतल्यास निर्दोष संहितेत विनाकारण फेरफार करण्याची वेळ येत नाही.

या लेखातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत व, '-वॉल' मधील पहिले मोठे अक्षर वगळता, छोट्या अक्षरांत टंकाव्या लागतात.

== इतिहास ==

मानवाला वाचता येईल अशा रूपात लिहिलेल्या सूचनांवरून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम सिद्ध करण्याचा आरंभीचा प्रयत्न म्हणून ग्रेस हॉपर यांच्या १९५२ मधील ए-० या प्रणालीचा उल्लेख केला जातो. १९५७ मध्ये आयबीएमचा फोरट्रान कंपायलर उपलब्ध झाला. त्या काळी प्रोग्राम लिहिणारा आणि संगणक यांचा समोरासमोर संबंध येत नसे. संहिता छिद्रित कार्डांवर उतरवायची, कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील निकाल घ्यायचा, अशी पद्धत होती. कंपाइल करणे व चालवणे हे दोन्ही टप्पे एकाच गठ्ठ्यातील नियंत्रक कार्डांनी ठरत. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक या भारतात घडवलेल्या संगणकानंतर १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. तेथील कामकाजही छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांवर चालत असे.

१९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही संचालन प्रणाली विकसित केली. टर्मिनलवर बसलेल्या व्यक्तीने एक ओळ टंकावी आणि संगणकाने तिला लगेच उत्तर द्यावे, ही या प्रणालीची कामाची पद्धत होती. वापरकर्त्याची ओळ वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणतात. १९७२ च्या सुमारास रिची यांनी सी ही भाषा सिद्ध केली. कंपाइल केलेल्या प्रोग्रामला वेगळे नाव न दिल्यास त्याला 'ए.आउट' हे नाव मिळण्याची प्रथा युनिक्सच्या त्या प्रारंभीच्या काळातील आहे. 'असेम्बलर आउटपुट' या शब्दांचे ते संक्षिप्त रूप होय. आज ही फाइल असेम्बलरकडून नव्हे तर लिंकरकडून तयार होते, आणि तिची अंतर्गत रचनाही पूर्वीची राहिलेली नाही. नाव मात्र तेच राहिले आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातून १९८७ मध्ये जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रसिद्ध झाला. १९८९ मध्ये त्याच प्रकल्पातून बॅश हे शेल आले आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केले. लिनक्सवर सी शिकणारा विद्यार्थी आज जी आज्ञा देतो ती या तिन्हींच्या साहाय्याने पूर्ण होते.

== महाराष्ट्रातील अध्यापन ==

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सी व सी++ शिकवताना बोरलँड कंपनीच्या टर्बो सी आणि टर्बो सी++ या साधनांचा वापर दीर्घकाळ रूढ होता. पनवेल परिसरातील महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात तसेच राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्र विषयात या भाषांना स्थान मिळाले आणि निळ्या पडद्याचे टर्बो सी++ अनेक पिढ्यांच्या परिचयाचे झाले. टर्बो सी १९८७ मध्ये आणि टर्बो सी++ १९९० मध्ये बाजारात आले. दोन्ही डॉस प्रणालीसाठी होती.

या साधनात कंट्रोल आणि एफ९ या कळी एकत्र दाबल्या की संहिता कंपाइल होऊन प्रोग्राम लगेच चालत असे, आणि ऑल्ट व एफ५ दाबल्यावर निकालाचा पडदा दिसे. ही सोय नवशिक्यांना उपयुक्त होती. परंतु कंपाइल करणे, जोडणे आणि चालवणे हे तीन टप्पे एकाच कळीमागे झाकले जात. कार्यान्वित होणारी फाइल नेमकी कोणत्या फोल्डरमध्ये तयार झाली, हे जाणून घेण्याची गरजच पडत नसे. निकालाचा पडदा टिकून राहावा म्हणून प्रोग्रामच्या शेवटी 'गेटसीएच' आणि आरंभी पडदा पुसण्यासाठी 'क्लिअरस्क्रीन' ही फंक्शने लिहिण्याची सवयही याच काळात रुजली. ही फंक्शने प्रमाणित सी भाषेचा भाग नाहीत. ती ज्या 'कॉनिओ.एच' या शीर्ष फाइलमधून येतात, ती लिनक्सवर उपलब्ध नसते. त्यामुळे टर्बो सीमधील जुनी संहिता लिनक्सवर जशीच्या तशी कंपाइल होत नाही. आता ६४ बिटांच्या विंडोजवर टर्बो सी चालवण्यासाठी डॉसबॉक्ससारखा अनुकारक लागतो.

मुक्त साधनांकडे वळताना मराठी विद्यार्थ्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे साहाय्य झाले. केंद्र शासनाच्या माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय अभियानातून निधी मिळालेला हा प्रकल्प प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. त्यातील सी व सी++ विषयक ध्वनिचित्रफितींत उबुंटू लिनक्स व जीसीसी वापरून टर्मिनल उघडणे, संहिता कंपाइल करणे आणि टिंब व तिरपी रेघ देऊन प्रोग्राम चालवणे, हे टप्पे क्रमाने दाखवले आहेत. या ध्वनिचित्रफिती मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. आयआयटी मुंबईतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी नवशिक्यांसाठी 'सिंपलसीपीपी' हा संच तयार केला. त्यात 'एस++' या आज्ञेने संहिता कंपाइल करून 'ए.आउट' ही फाइल चालवली जाते. 'एस++' ही आज्ञा आतून नेहमीच्या जी++ कंपायलरलाच आवश्यक त्या सूचनांसह हाक मारते.

== कृती ==

दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज छापणारा सी भाषेतील प्रोग्राम 'बेरीज.सी' या फाइलमध्ये लिहिला आहे, असे समजू. लिनक्सवर तो चालवण्याचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

# '''फाइल साठवणे.''' कंपायलर तबकडीवर साठवलेली संहिता वाचतो. संपादकाच्या खिडकीत दिसणारा परंतु न साठवलेला बदल त्याला माहीत नसतो.
# '''योग्य फोल्डरमध्ये जाणे.''' 'सीडी' या आज्ञेने संहिता असलेल्या फोल्डरमध्ये जावे. सध्या आपण कोठे आहोत हे 'पीडब्ल्यूडी' या आज्ञेने, तर तेथे कोणत्या फाइली आहेत हे 'एलएस' या आज्ञेने कळते.
# '''कंपाइल करणे.''' पुढील आज्ञा द्यावी:
#: जीसीसी -वॉल बेरीज.सी -ओ बेरीज
# '''चालवणे.''' पुढील आज्ञा द्यावी:
#: ./बेरीज

तिसऱ्या टप्प्यातील '-ओ' नंतर येणारे नाव तयार होणाऱ्या फाइलचे असते. ते न दिल्यास फाइलला 'ए.आउट' हे नाव मिळते. '-वॉल' या पर्यायामुळे कंपायलर बहुतेक महत्त्वाच्या शंकास्पद जागा दाखवतो. जीसीसीच्या जुन्या आवृत्त्यांत '-ओ' नंतर चुकून मूळ संहितेच्या फाइलचेच नाव दिल्यास ती संहिता नष्ट होण्याचा धोका असे.

जीसीसीने कोणताही संदेश न देता पुन्हा प्रॉम्प्ट दाखवला, तर कंपाइल यशस्वी झाले असे समजावे. काम निर्विघ्न पार पडले असता मौन पाळणे हा युनिक्समधील रिवाज आहे. पडदा मोकळा राहिल्याने काहीच घडले नाही, असा नवशिक्यांचा समज होऊ शकतो. अशा वेळी 'एलएस' ही आज्ञा देऊन नवी फाइल तयार झाली आहे का, ते पाहावे.

दोन्ही टप्पे एकाच ओळीत द्यायचे असल्यास त्यांच्यामध्ये दोन अँपरसँड चिन्हे (&&) घालावीत. तसे केल्यास पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच शेल दुसरी आज्ञा अमलात आणते. ही पद्धत सुरक्षित आहे, कारण संहितेत व्याकरणदोष असल्यास नवी फाइल तयार होत नाही, परंतु पूर्वी तयार झालेली जुनी फाइल जागेवरच असते. दोषसंदेशाकडे दुर्लक्ष करून प्रोग्राम चालवला तर तीच जुनी फाइल चालते आणि केलेली दुरुस्ती निष्फळ ठरल्याचा भास होतो.

== टिंब आणि तिरपी रेघ यांचा अर्थ ==

युनिक्स कुळातील प्रणालींत एक टिंब म्हणजे 'सध्याचा फोल्डर' आणि दोन टिंबे म्हणजे 'त्याच्या वरचा फोल्डर'. तिरपी रेघ फोल्डर व फाइल यांची नावे वेगळी करते. म्हणून './बेरीज' याचा अर्थ 'याच फोल्डरमधील बेरीज नावाची फाइल' असा होतो. हे चिन्ह म्हणजे 'चालव' अशी आज्ञा नव्हे. तो केवळ पत्ता आहे. फाइलचा संपूर्ण पत्ता मुळापासून लिहिला तरीही प्रोग्राम तसाच चालतो.

पत्त्याची गरज का भासते, हे शेलच्या शोधपद्धतीवरून स्पष्ट होते. टंकलेल्या पहिल्या शब्दात तिरपी रेघ नसेल तर शेल प्रथम तो शब्द आपल्या अंगभूत आज्ञांपैकी आहे का, हे पाहते. तसे नसल्यास 'पाथ' या पर्यावरण चलात नोंदवलेले फोल्डर क्रमाने धुंडाळते. प्रणालीचे नेहमीचे प्रोग्राम ज्या फोल्डरांत असतात, त्यांची नावे या यादीत असतात. वापरकर्त्याचा चालू फोल्डर सर्वसाधारणपणे तीत नसतो. म्हणून नुसते 'बेरीज' टंकल्यास, फाइल समोर असूनही, 'कमांड नॉट फाउंड' असा संदेश मिळतो. शब्दात तिरपी रेघ असेल तर शेल यादीकडे न वळता थेट त्या पत्त्यावर जाते.

चालू फोल्डर यादीत नसण्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे. एकच संगणक अनेक जण वापरत असताना कोणी सामायिक फोल्डरमध्ये 'एलएस' या नावाचा घातक प्रोग्राम ठेवला, आणि दुसऱ्या वापरकर्त्याच्या यादीत चालू फोल्डर सर्वांत आधी असला, तर त्या फोल्डरमधील फाइली पाहण्यासाठी साधी 'एलएस' ही आज्ञा देताच तो घातक प्रोग्राम चालेल. वापरकर्ता व्यवस्थापक असल्यास हानीची व्याप्ती फार मोठी असते. चालू फोल्डर यादीच्या शेवटी ठेवला तरी धोका पूर्णपणे टळत नाही, कारण टंकताना अक्षरांची उलटापालट झाल्यावर बनणाऱ्या नावाचा प्रोग्राम पेरून ठेवता येतो. प्रयोगशाळेतील सामायिक संगणकांवर दोन चिन्हे टंकण्याचे श्रम वाचवण्यासाठी पाथमध्ये टिंब घालू नये.

याच शोधपद्धतीमुळे एक प्रसिद्ध घोटाळा होतो. प्रोग्रामला 'टेस्ट' असे नाव दिले आणि चालवताना टिंब व रेघ विसरली, तर दोषसंदेशही मिळत नाही व निकालही दिसत नाही. 'टेस्ट' ही शेलची अंगभूत आज्ञा असल्याने तीच चालते आणि काही न छापता संपते. विद्यार्थ्याला आपला प्रोग्राम चालला परंतु त्याने काही छापले नाही, असे वाटते.

== प्रोग्राम सुरू होताना घडणाऱ्या क्रिया ==

'./बेरीज' टंकून एंटर कळ दाबल्यावर शेल आपलीच एक प्रतिकृती निर्माण करते. या क्रियेस 'फोर्क' म्हणतात. ही प्रतिकृती 'एक्झेक' या सेवेद्वारे कर्नलला विनंती करते की, आपल्या जागी 'बेरीज' हा प्रोग्राम आणून बसवावा. कर्नल प्रथम फाइल चालवण्याची परवानगी तपासते व नंतर फाइलचे आरंभीचे बाइट वाचते. लिनक्सवरील कार्यान्वित फाइली १९९० च्या दशकाच्या मध्यापासून 'ईएलएफ' या स्वरूपात असतात. त्यांच्या आरंभी एक ठरावीक बाइट आणि त्यापुढे या तीन रोमन अक्षरांची खूण असते. जुन्या ए.आउट स्वरूपाचा आधार लिनक्स कर्नलमधून २०२२ मध्ये काढून टाकण्यात आला. म्हणजे आज 'ए.आउट' या नावाने तयार होणारी फाइल प्रत्यक्षात ईएलएफ स्वरूपाची असते.

खूण ओळखल्यानंतर फाइलचे आवश्यक भाग स्मृतीत मांडले जातात. 'प्रिंटएफ' सारखी फंक्शने ज्या सामायिक ग्रंथालयात असतात, ते ग्रंथालय जोडण्याचे काम गतिक लिंकर करतो. त्यानंतर प्रोग्रामचे 'मेन' हे फंक्शन सुरू होते. प्रोग्राम संपेपर्यंत शेल थांबून राहते व नंतर पुन्हा प्रॉम्प्ट दाखवते. प्रोग्रामने छापलेल्या शेवटच्या ओळीनंतर नव्या ओळीचे चिन्ह नसेल तर निकाल व प्रॉम्प्ट एकाच ओळीत चिकटून दिसतात.

== चालवण्याची परवानगी ==

युनिक्स कुळात प्रत्येक फाइलला वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन प्रकारच्या परवानग्या असतात. त्या मालक, गट आणि इतर यांच्यासाठी वेगवेगळ्या नोंदवल्या जातात. फाइल कार्यान्वित होऊ शकते की नाही, हे तिच्या नावाच्या शेपटीवरून ठरत नाही. त्यासाठी ही परवानगी लागते. जीसीसी नवी फाइल तयार करताना चालवण्याची परवानगी स्वतःच देतो. म्हणून ताज्या फाइलला ती वेगळी द्यावी लागत नाही.

तीच फाइल इंटरनेटवरून उतरवून घेतल्यास ही परवानगी बहुधा नाहीशी होते. 'परमिशन डिनाइड' असा संदेश आल्यास 'सीएचमॉड +एक्स बेरीज' ही आज्ञा देऊन ती पुन्हा देता येते. पेनड्राइव्हवर हा उपाय नेहमी चालत नाही, कारण फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर अशा परवानग्या साठवल्याच जात नाहीत, आणि काही ठिकाणी बाहेरील साधनांवरील प्रोग्राम चालवण्यास व्यवस्थापकाने मनाई केलेली असते. तेव्हा संहिता आपल्या फोल्डरमध्ये आणून तेथेच पुन्हा कंपाइल करणे हा सोपा मार्ग होय. आपण लिहिलेला साधा प्रोग्राम चालवण्यासाठी 'सुडू' वापरून व्यवस्थापकाचे अधिकार घेण्याची आवश्यकता नसते. परवानगीच्या अडचणीवर तो योग्य उपाय नाही.

== इनपुट, आउटपुट आणि निर्गम संकेत ==

प्रोग्रामच्या नावापुढे जागा सोडून लिहिलेले शब्द त्याला आर्ग्युमेंट म्हणून मिळतात. सी भाषेत त्यांची संख्या 'आर्गसी' मध्ये आणि ते शब्द 'आर्गव्ही' मध्ये येतात. पहिली नोंद प्रोग्रामच्या नावाची असते. म्हणून दोन संख्या दिल्या असता 'आर्गसी'चे मूल्य ३ असते. दोन शब्द मिळून एकच आर्ग्युमेंट करायचे असल्यास ते अवतरणचिन्हांत लिहावेत.

प्रोग्राम कळफलकावरून जे वाचतो ते < या चिन्हाने फाइलमधून पुरवता येते. तो पडद्यावर जे छापतो ते > या चिन्हाने फाइलमध्ये साठवता येते. उभ्या रेघेने (|) एका प्रोग्रामचा निकाल दुसऱ्याला देता येतो. 'पाइप' या नावाने ओळखली जाणारी ही सोय डग्लस मॅक्इलरॉय यांच्या कल्पनेतून १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. एकाच प्रोग्रामची अनेक उदाहरणांवर चाचणी घ्यायची असल्यास प्रत्येक वेळी संख्या टंकण्यापेक्षा त्या फाइलमध्ये लिहून ठेवणे सोयीचे ठरते.

प्रत्येक प्रोग्राम संपताना शेलला ० ते २५५ यांपैकी एक संख्या कळवतो. तिला निर्गम संकेत म्हणतात. बॅशमध्ये 'इको $?' या आज्ञेने ती पाहता येते. नेहमी आढळणारे संकेत असे आहेत:

* '''०''' : प्रोग्राम यशस्वीपणे संपला.
* '''१२६''' : फाइल सापडली, परंतु चालवता आली नाही.
* '''१२७''' : त्या नावाची आज्ञा सापडली नाही.
* '''१३०''' : कंट्रोल व सी या कळींनी प्रोग्राम थांबवला गेला.
* '''१३९''' : प्रोग्रामने मनाई असलेल्या स्मृतिस्थानाला हात लावल्याने कर्नलने तो बंद केला. याला 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणतात.

अनंत चक्रात अडकलेला प्रोग्राम थांबवण्यासाठी कंट्रोल व सी या कळी एकत्र दाबाव्यात. टर्मिनलची खिडकी बंद करण्याची गरज नसते.

== नेहमी येणारे दोषसंदेश ==

* '''कमांड नॉट फाउंड''' : टिंब व तिरपी रेघ राहिली आहे किंवा नाव चुकले आहे. लिनक्सवर रोमन मोठी व छोटी अक्षरे भिन्न मानली जातात.
* '''नो सच फाइल ऑर डिरेक्टरी''' : बहुधा चालू फोल्डर चुकीचा असतो किंवा कंपाइल झालेलेच नसते. फाइल डोळ्यांसमोर असूनही हा संदेश आल्यास ती ज्या गतिक लिंकरची मागणी करते तो संगणकावर नाही, असे समजावे. ६४ बिटांच्या प्रणालीवर ३२ बिटांचा प्रोग्राम चालवताना असे घडते.
* '''एक्झेक फॉरमॅट एरर''' : फाइल दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी तयार केलेली आहे. इंटेल प्रोसेसरच्या संगणकावर कंपाइल केलेली फाइल एआरएम प्रोसेसर असलेल्या रास्पबेरी पायवर नेल्यास हा संदेश येतो. मूळ संहिता नेऊन तेथे कंपाइल करणे हा यावरील उपाय होय.
* '''अनडिफाइन्ड रेफरन्स''' : हा दोष चालवण्याचा नसून जोडण्याचा आहे. वर्गमूळासारखे गणिती फंक्शन वापरले असता आज्ञेच्या शेवटी '-एलएम' न दिल्यास तो आढळतो.
* '''एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज''' : प्रोग्रामला लागणारे सामायिक ग्रंथालय सापडलेले नाही.

== विंडोज प्रणाली ==

विंडोजवर कार्यान्वित फाइलीच्या नावाच्या शेवटी 'ईएक्सई' ही शेपटी असते. मिंगडब्ल्यू संचातील जीसीसीला नाव न दिल्यास तो 'ए.ईएक्सई' ही फाइल तयार करतो. डॉसच्या परंपरेला अनुसरून कमांड प्रॉम्प्ट प्रथम चालू फोल्डर व नंतर पाथमधील फोल्डर तपासतो. त्यामुळे तेथे नुसते नाव टंकले तरी प्रोग्राम चालतो. २००६ मध्ये आलेल्या पॉवरशेलमध्ये मात्र मायक्रोसॉफ्टने युनिक्ससारखी सावध पद्धत स्वीकारली. तेथे नावापूर्वी टिंब व उलटी तिरपी रेघ (.\) द्यावी लागते. ती न दिल्यास, या फाइलवर विश्वास असल्यास अशा रीतीने टंकावे, अशी सूचना पॉवरशेल स्वतःच देते.

फाइल एक्सप्लोररमध्ये प्रोग्रामच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारल्यास काळी खिडकी क्षणभर उघडून मिटते. प्रोग्राम बिघडलेला नसतो. तो आपले काम करून संपलेला असतो व त्याच्याबरोबर त्याच्यासाठी उघडलेली खिडकीही बंद होते. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यातून प्रोग्राम चालवल्यास निकाल पडद्यावर राहतो आणि 'गेटसीएच' लिहिण्याची गरज उरत नाही.

== देवनागरी मजकूर आणि आज्ञा ओळ ==

लिनक्सवर फाइलचे नाव देवनागरीत ठेवता येते. म्हणून 'बेरीज' हे नाव खरोखर देवनागरीत देऊन './बेरीज' अशा रीतीने प्रोग्राम चालवणे शक्य आहे. संहितेच्या फाइलची 'सी' ही शेपटी मात्र रोमनच हवी, कारण तिच्यावरूनच जीसीसी भाषा ओळखतो.

प्रोग्रामने मराठी मजकूर छापण्यासाठी संहितेची फाइल आणि टर्मिनल दोन्ही यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत असावी लागतात. आजच्या लिनक्सवर ही व्यवस्था सहसा आधीच असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये त्यासाठी 'सीएचसीपी ६५००१' ही आज्ञा द्यावी लागू शकते. अनेक टर्मिनले प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतात. त्यामुळे जोडाक्षरे फुटलेली वा मात्रा सरकलेल्या दिसू शकतात. हा दोष दर्शनाचा असतो. तोच निकाल फाइलमध्ये साठवून संपादकात उघडल्यास मजकूर शुद्ध दिसतो.

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्ण व स्वरचिन्ह ३ बाइट व्यापते. 'पनवेल' या शब्दात वाचकाला ४ अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात ५ चिन्हे आहेत, कारण 'वे' मधील मात्रा स्वतंत्र मोजली जाते. सी भाषेतील 'स्ट्रलेन' हे फंक्शन बाइट मोजत असल्याने त्याचे उत्तर १५ येते. तसेच सी भाषेतील 'एटूआय' हे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. बेरजेच्या प्रोग्रामला १२ ही संख्या देवनागरी अंकांत दिल्यास ते तिचे मूल्य शून्य मानते. पायथॉन भाषेतील 'इंट' हे फंक्शन मात्र देवनागरी अंक स्वीकारते.

== अन्य भाषांतील पद्धती ==

सर्वच भाषांत कंपाइल केलेली फाइल थेट चालत नाही. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेत 'जावासी' ही आज्ञा संहितेचे रूपांतर बाइटकोडमध्ये करते आणि 'जावा' या आज्ञेने तो आभासी यंत्रावर चालवला जातो. चालवताना वर्गाचे नाव द्यायचे असते, 'क्लास' ही शेपटी द्यायची नसते. बाइटकोड विशिष्ट प्रोसेसरशी बांधलेला नसल्याने तीच फाइल वेगवेगळ्या प्रणालींवर चालू शकते. पायथॉनमध्ये विद्यार्थ्याला वेगळा कंपाइल टप्पा करावा लागत नाही. गो भाषेत 'गो रन' आणि रस्टमध्ये 'कार्गो रन' या आज्ञा कंपाइल करणे व चालवणे ही दोन्ही कामे एकामागून एक करतात. त्यांच्या आड टप्पे तेच असतात.

== सुरक्षितता ==

कंपाइल केलेला प्रोग्राम चालवणाऱ्या व्यक्तीच्या सर्व अधिकारांसह चालतो. तिला ज्या फाइली पुसता येतात त्या तो प्रोग्रामही पुसू शकतो. कार्यान्वित फाइल उघडून वाचली तरी तिच्यातील सूचना सामान्य वाचकाला समजत नाहीत. म्हणून अनोळखी व्यक्तीकडून आलेली तयार फाइल चालवण्याऐवजी तिची मूळ संहिता मिळवावी, ती वाचावी आणि स्वतः कंपाइल करून चालवावी, हे अधिक श्रेयस्कर होय.

== हेही पाहा ==

* कंपायलर
* सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
* युनिक्स
* लिनक्स
* युनिकोड
* देवनागरी